पान बघून नाही, माती बघून: बटाट्याच्या पाण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोरड्या हवेतल्या बटाट्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला (शेतात पडला असता तर जास्त बरं झालं असतं). बरेच प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं-गावं काढून टाकलीत. उत्तर लांबलचक वाटलं तर सरळ पुढच्या प्रश्नावर उडी मारा, मला राग नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. वडील बटाट्याला दर आठ दिवसांनी पाणी द्यायचे, सरी तुडुंब भरून. मीही तेच करतो. पण दोन वर्षं झाली बटाटा वेडावाकडा निघतोय, एकाला दोन-तीन गाठी फुटलेल्या, काहींना उभी चीर, आणि मोठे बटाटे कापले तर आत पोकळ. बियाणं खराब आहे का?

उत्तर: दादा, बियाण्याच्या दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी जरा थांबा. तुम्ही जे वर्णन केलंय ना, गाठी, चिरा, आतली पोकळी, ही तिन्ही लक्षणं बहुतेक वेळा पाण्याच्या झटक्याची असतात. बटाटा जमिनीत पोसत असताना माती सुकली की त्याची वाढ थांबते, साल थोडी घट्ट होते, आणि मग तुम्ही एकदम तुडुंब पाणी दिलं की वाढ परत सुरू होते, पण आता ती सगळीकडून सारखी होत नाही, जिथे डोळा आहे तिथून नवीन गाठ फुटते किंवा सालीला ताण सहन होत नाही आणि ती फाटते. आतला भाग बाहेरच्या वाढीला पुरा पडला नाही की मधे पोकळी राहते. म्हणजे पाणी कमी पडलं असं नाही, भरपूर दिलंय तुम्ही, फक्त उपाशी ठेवून जेवण, उपाशी ठेवून जेवण असं झालंय.

आता आठ दिवस हा आकडा कुठून चुकतो ते बघू, थोडं गणित आहे पण सोपं आहे. बटाट्याची मुळं फार खोल जात नाहीत, कामाची मुळं वरच्या 40 ते 60 सेंमी मधेच असतात आणि त्यातली बहुतेक तर वरच्या 30 सेंमीत. आपण 40 सेंमी धरू. हलकी रेताड जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण 60 मिमी पाणी धरते, मध्यम जमीन 140 च्या आसपास, भारी जमीन 200 पर्यंत. म्हणजे 40 सेंमीत हलकीत 24 मिमी, मध्यममधे 56, भारीत 80. पण हे सगळं पाणी बटाटा आरामात घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, पिकांच्या पाण्याची जी पद्धत दिलीय त्यात बटाट्यासाठी ही मर्यादा फक्त 35 टक्के धरलीय, त्यापुढे माती सुकली की पिकाला ताण सुरू. म्हणजे खर्चायला तुमच्याकडे हलकीत जेमतेम 8 मिमी, मध्यममधे 20, भारीत 28. आणि कोरड्या उन्हाच्या हवेत भर वाढीतला बटाटा दिवसाला 7 मिमी सहज ओढतो. करा भागाकार. हलक्या जमिनीत एक दिवस, मध्यममधे तीन, भारीत चार. आठ दिवस कुठेच बसत नाहीत!

मग वडिलांचं कसं जमायचं? हवा थंड असेल, दिवसाला 3 मिमीच जात असेल आणि जमीन भारी असेल तर आठ-नऊ दिवस बरोबर बसतात की. त्यांची पाळी त्यांच्या जमिनीला आणि त्यांच्या हवेला बरोबर असणार, फक्त ती कॅलेंडरवर लिहून ठेवायची गोष्ट नव्हती. तुम्ही तेवढंच पाणी दोन-तीन हिश्श्यांत वाटून द्या, एकूण खर्च वाढणार नाही, उलट सरीच्या तळातून खाली झिरपून वाया जातं ते वाचेल.

प्रश्न: मॅडम, एकरी किती लिटर पाणी लागतं ते एकदा सरळ सांगा. सगळे फक्त गरजेनुसार द्या म्हणतात.

उत्तर: "गरजेनुसार" हा शब्द मलाही आवडत नाही, तो सांगणाऱ्याच्या सोयीचा शब्द आहे.

सरळ सांगते. 120 ते 150 दिवसांच्या बटाट्याला पूर्ण हंगामात 500 ते 700 मिमी पाणी लागतं, हा एफएओचा आकडा आहे, हवामानाप्रमाणे खालीवर होतो. एका एकरावर 1 मिमी म्हणजे साधारण 4,047 लिटर, तर 500 मिमी म्हणजे 20 लाख लिटरच्या वर. हे झाडाने प्रत्यक्ष वापरलेलं पाणी. पंपातून किती सोडायचं ते पद्धतीवर, सरीने दिलं तर 100 मधलं साधारण 60 कामी येतं, तुषारने 75, ठिबकने 90. म्हणजे तोच 500 मिमीचा बटाटा सरीवर 830 मिमी मागतो आणि ठिबकवर 555. पाऊस पडला तर तो यातून वजा करा.

रोजचं गणित असं. हवेचं मूळ बाष्पीभवन, ज्याला संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणतात, ते हवामान केंद्राकडून मिळतं, समजा दिवसाला 6 मिमी. याला पिकाच्या गुणांकाने गुणायचं. उगवण होऊन पाला लहान असेपर्यंत 0.5, पाल्याने वरंबे झाकले की 1.15, आणि पाला पिवळा पडत आला की उतरत 0.75. म्हणजे भर वाढीत 6 गुणिले 1.15 म्हणजे 6.9 मिमी. ठिबकसाठी 0.9 ने भागा, 7.7 मिमी आलं. आता तुमच्या लॅटरलमधलं (ठिबकच्या नळ्यांमधलं) अंतर 90 सेंमी, ड्रिपरमधलं (थेंब सोडणाऱ्या तोंडांमधलं) 30 सेंमी आणि ड्रिपर तासाला 2 लिटरचा असेल तर 2 भागिले 0.27 (0.9 गुणिले 0.3), म्हणजे तासाला साधारण 7.4 मिमी पडतं. तर रोज एक तास आणि वर दोन-तीन मिनिटं. झालं. लॅटरलचं अंतर वेगळं असेल तर फक्त 0.27 च्या जागी तुमचं अंतर मीटरमधे घेऊन गुणाकार टाका.

एक सावधगिरी. काहीजण बाष्पीभवन पात्रातला, म्हणजे उघड्या पॅनमधला आकडा सरळ 1.15 ने गुणतात. पॅनमधून पाणी जास्त उडतं, त्याला आधी साधारण 0.7 ने गुणायचं असतं. पॅन 9 दाखवतोय म्हणजे संदर्भ आकडा 6.3 च्या आसपास. ही पायरी विसरली की रोज चाळीसेक टक्के जास्त पाणी जातं, आणि मग तेच लोक मला पत्र लिहितात की बटाटा सडला.

प्रश्न: दुपारी पाला मान टाकतो, बघवत नाही. लगेच पाणी सोडू का?

उत्तर: नको. मी सोडलं होतं म्हणून सांगते.

माझ्या पहिल्या प्लॉटवर दुपारी दोन वाजता सगळी पानं लोंबलेली दिसली की जीव खालीवर व्हायचा आणि मी पळत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचे, असं चार-पाच दिवस सलग केलं, मातीला हात लावून बघावं हे डोक्यातच आलं नाही. पुढे काढणीला बटाट्यांवर सगळीकडे पांढरे फुगलेले ठिपके, खसखस चिकटवल्यासारखे. ती बटाट्याची श्वास घ्यायची छिद्रं असतात, माती सतत चिंब राहिली की हवेसाठी ती उघडून फुगतात, आणि तिथूनच मऊ कुजीचे जिवाणू आत शिरतात. निम्मा माल साठवणीत गेला माझा.

झालं काय तर, कडक उन्हात कोरडा वारा असेल तर पानातून पाणी इतक्या वेगाने उडतं की माती ओली असूनही मुळांना तेवढा पुरवठा जमत नाही आणि पानं लोंबतात. संध्याकाळी परत उभी राहतात. खरी परीक्षा सकाळी. सूर्य उगवायच्या सुमारास पाला ताठ असेल तर झाड ठीक आहे, सकाळीही मरगळलेला असेल तर मात्र पाणी खरंच कमी पडलंय, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. बटाटा फार लाजाळू आहे, मान टाकायच्या कितीतरी आधी तो पानांची छिद्रं मिटून घेतो आणि अन्न बनवणं कमी करतो, बाहेरून हिरवागार दिसतो. म्हणून पान बघून पाणी द्यायचं नाही.

मग काय बघायचं? वरंब्याच्या कुशीत, झाडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने 20-25 सेंमी खाली जा आणि तिथली मूठभर माती घ्या. मूठ दाबा आणि उघडा. मध्यम जमिनीत गोळा झाला, हलकेच वर उडवून झेलला तरी टिकला आणि तळहात नुसता गार दमट लागला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. गोळा होतोय पण झेलताना फुटतोय, तर पाणी द्यायची वेळ झाली. गोळाच होत नाही तर तुम्ही दोन दिवस उशिरा आहात. आणि तळहातावर पाणी सुटलं, बोटांच्या फटीतून चिखल आला, तर पंपाची किल्ली लपवून ठेवा. हलक्या रेतीत गोळा तसाही नीट होत नाही, तिथे बोटांना ओल लागते की नाही एवढंच बघायचं. पंधरा दिवस रोज केलं की हाताला कळायला लागतं, मग खुरपं घातल्याबरोबर आवाजावरून सांगाल.

प्रश्न: ताई, टेन्सिओमीटर घ्यावा का? हाताने कळत असेल तर पैसे कशाला घालवायचे?

उत्तर: घ्या, जमलं तर दोन घ्या. हात रोज खरं बोलतोच असं नाही, घाईच्या दिवशी आपण आपल्याला हवं तेच हाताला वाटवून घेतो. टेन्सिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, खाली मातीचं सच्छिद्र टोक आणि वर घड्याळ. माती सुकली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो. एक टोक 20-25 सेंमीवर, मुळांच्या गर्दीत, आणि दुसरं 45-50 सेंमीवर. ठिबकवर मध्यम जमिनीत वरचा काटा 25 ते 35 सेंटिबारला (माती पाणी किती जोराने ओढते त्याचं माप) आला की पाणी द्यायचं, रेताडीत त्याआधीच. खालच्या काट्याचं काम वेगळं, तो चुगली करतो. पाणी दिल्यावर दरवेळी तो शून्याकडे येत असेल तर तुम्ही मुळांच्या खाली पाणी पाठवताय, आणि पाण्याबरोबर नत्रही. काटा 80 च्या पुढे गेला तर नळीत हवा शिरते आणि तो बंद पडतो, मग परत पाणी भरून बसवावा लागतो, पण बटाट्यात काटा 80 ला जाऊ दिला असेल तर टेन्सिओमीटर ही तुमची मोठी अडचण नाहीच.

प्रश्न: तळ्यात निम्मंच पाणी आहे. सगळ्या रानात बटाटा लावून निम्मं निम्मं पाणी देऊ की निम्म्या रानात लावू? घरात यावर वाद चालू आहे.

उत्तर: निम्म्या रानात लावा. वादात कोण कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही, त्यामुळे राग धरू नका.

ज्वारी-बाजरीसारखं पीक ताण सोसून काहीतरी देऊन जातं, बटाट्याचं तसं नाही. हंगामभर गरजेपेक्षा 20 टक्के पाणी कमी मिळालं तर उत्पादन साधारण 22 टक्के घटतं, म्हणजे तुटीच्या थोडं जास्तच. वजनात घट झाली ती वेगळी, पण गोट्यांएवढे आणि वेडेवाकडे बटाटे वाढतात ते कोणी विचारत नाही. वर दुप्पट रानाचं बियाणं, खत, मजुरी गेलीच. सगळ्यात महाग खर्च बटाट्यात बियाण्याचा, तो अर्धपोटी रानात गाडू नका.

लावलेल्या रानातही पाणी कमी पडणार असं दिसत असेल तर कुठे काटकसर करायची हे ठरवून घ्या. उगवणीनंतरचे पहिले काही दिवस आणि शेवटी पाला पिकायला लागतो तेव्हा, या दोन टोकांना बटाटा थोडं कमी-जास्त सहन करतो. मधला काळ, गाठी (म्हणजे जमिनीखाली कोवळे बटाटे) धरायला लागल्यापासून पोसेपर्यंत, तिथे हात आखडायचा नाही. गाठी धरताना ताण बसला तर बटाट्यांची संख्याच घटते, पोसताना बसला तर आकार. लवकर तयार होणारी जात असेल तर ती निवडा, पंचवीस-तीस दिवस कमी म्हणजे तेवढ्या दिवसांच्या पाळ्या कमी. आणि उघड्या वरंब्यावर पेंढ्याचं, पाचटाचं आच्छादन घाला, पाला झाकेपर्यंत मातीतून जे पाणी उडून जातं त्यातलं बरंचसं वाचतं.

प्रश्न: गाठी धरायला लागल्या हे ओळखायचं कसं? फुलं आली की, असं ऐकलंय.

उत्तर: फुलांवर विसंबू नका, काही जाती फुलतच नाहीत आणि काहींची फुलं येईपर्यंत गाठी धरून झालेल्या असतात. लागवडीला महिना झाला की प्लॉटमधल्या दोन-तीन वेगवेगळ्या जागची एकेक झाडं उपटून, माती झटकून नीट बघा. खोडाच्या जमिनीखालच्या भागातून पांढरे, जाडसर दोऱ्यासारखे धुमारे आडवे निघालेले दिसतील, मुळांपेक्षा जाड आणि गुळगुळीत. आधी त्यांचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं. मग एक दिवस तेच टोक फुगलेलं दिसतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. टोक धुमाऱ्याच्या दुप्पट जाड झालं की समजा सुरुवात झाली. बहुतेक ठिकाणी हे लागवडीनंतर 30 ते 45 दिवसांच्या दरम्यान येतं. दोन-तीन झाडं गेली म्हणून हळहळू नका, ती तुमची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

इथून पुढचे चार ते सहा आठवडे वरंबा सुकू द्यायचा नाही, त्याला अजून एक कारण आहे. कॉमन स्कॅब, म्हणजे सालीवर येणाऱ्या खरबरीत खपल्या, त्याचा जिवाणू नेमका याच काळात कोवळ्या सालीतून शिरतो आणि त्याला कोरडी माती मानवते. या दिवसांत ओल टिकली तर खपल्या खूप कमी होतात, औषधाशिवाय.

प्रश्न: लागवड केल्या केल्या चांगलं पाणी देतो, तरी उगवण विरळ येते. उकरून बघितलं तर बेणं कुजलेलं.

उत्तर: "तरी" नाही हो, त्यामुळेच! बेण्यात स्वतःचं पाणी असतं, बटाटा जवळपास 80 टक्के पाणीच आहे, कोंब वर येईपर्यंत त्याला बाहेरून फार लागत नाही. कापलेलं बेणं चिंब गरम मातीत टाकलं की जखम भरायच्या आधी कूज लागते. लागवडीच्या आधी रान ओलवा, वाफसा आला की लावा, आणि उगवण दिसेपर्यंत फक्त वरचा थर अगदी सुकत असेल तरच हलकं पाणी. कापलेले तुकडे दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवून जखम सुकवून मगच लावायचे.

प्रश्न: ठिबक आहे, वेळ ठरलेली आहे, गणितही तुमच्यासारखंच केलंय. तरी प्लॉटच्या वरच्या टोकाला बटाटा मोठा आणि खालच्या टोकाला गोट्या. असं का?

उत्तर: गणित कागदावर बरोबर आहे, पाणी कागद वाचत नाही.

एक दिवस सकाळी सारखे दहा-बारा डबे घ्या. लॅटरलच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या टोकाला, अशा तीन-चार लॅटरलवर ड्रिपरखाली डबा बसेल एवढा खड्डा करून ठेवा आणि बरोबर अर्धा तास पाणी सोडा. मग मोजमापाच्या भांड्याने मोजा. 2 लिटरच्या ड्रिपरने लिटरभर द्यायला पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या डब्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर आकाराचं कोडं सुटलं. मागे एका ओळखीच्या प्लॉटवर हे केलं तर पहिल्या डब्यात लिटर आणि शेवटच्यात पाऊण लिटरही नाही, लॅटरल गरजेपेक्षा लांब टाकलेली होती आणि फिल्टर कधी धुतला हे कोणालाच आठवत नव्हतं. लॅटरलचं शेवटचं तोंड उघडून बघितलं तर चहासारखं पाणी आलं आधी दोन मिनिटं.

फिल्टर धुवा, शेवटची तोंडं दर आठ-पंधरा दिवसांनी उघडून लाइन फ्लश करा, प्रेशर गेजचा काटा दोन्ही टोकांना बघा, उतार असेल तर दाब नियंत्रित करणारे ड्रिपर लागतात. रेताड जमीन असेल तर अजून एक गोष्ट, तिथे पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं, दोन ड्रिपरच्या मधे कोरडा पट्टा राहतो, त्यामुळे ड्रिपर 20 ते 30 सेंमीवर हवेत आणि एक तास सलग देण्यापेक्षा वीस वीस मिनिटं तीनदा दिलेलं बरं.

प्रश्न: तुषार सिंचन रात्री चालवावं की दिवसा? करप्याची भीती वाटते.

उत्तर: दुपारी तर नकोच, बरंच पाणी वारा नेतो. पहाटे चालवा, म्हणजे दव पडून पाला तसाही ओला असतो त्याच वेळात पाणी पडून जातं आणि ऊन आलं की दोन्ही एकदम सुकतात. संध्याकाळी चालवलं तर पाला रात्रभर भिजलेला राहतो, आणि उशिरा येणाऱ्या करप्याला पान बराच वेळ ओलं असणंच हवं असतं. हवा कोरडी आहे म्हणून करपा येणारच नाही असं समजू नका, दाट पाल्याच्या आत तुम्ही रोज स्वतःच्या हाताने पावसाळा तयार करत असता. आणि पाणी खारट असेल तर उन्हात तुषार चालवला की पानांच्या कडा जळतात, तेही लक्षात ठेवा.

प्रश्न: बोअरचं पाणी खारं आहे, ईसी (खारटपणाचं माप) 1.2 आलाय. बटाटा होईल का? वरंब्यावर पांढरी पूड दिसते.

उत्तर: होईल, पण सांभाळून. बटाटा मीठ फार सोसत नाही. मातीच्या अर्काचा ईसी 1.7 पर्यंत उत्पादनाला धक्का लागत नाही, त्यापुढे प्रत्येक एका अंकाला साधारण 12 टक्के घट, म्हणजे मातीचा ईसी 3.7 झाला तर जवळपास चौथा हिस्सा गेला. हे मातीचे आकडे, पाण्याचे नाहीत, दोन्ही वेगळे मोजून घ्या.

मीठ मुळांतून खाली ढकलायला थोडं जादा पाणी द्यावं लागतं. त्याचं सूत्र असं, पाण्याचा ईसी भागिले (मातीच्या सोसवणाऱ्या ईसीची, म्हणजे वरच्या 1.7 ची, पाचपट वजा पाण्याचा ईसी). तुमच्यासाठी 1.2 भागिले (8.5 वजा 1.2), म्हणजे 0.16. दिलेल्या पाण्यातलं साधारण 16 टक्के खाली झिरपू द्यायचं. आणि जमिनीतून पाणी खाली जायला वाट नसेल, निचरा नसेल, तर हे सगळं विसरा, मीठ तिथेच फिरत राहतं आणि जादा पाण्याने बटाटा कुजतो.

आता पांढऱ्या पुडीचं. पाणी जिकडे जातं तिकडे मीठ जातं आणि जिथे उडून जातं तिथे मीठ मागे राहतं. सरीने पाणी दिलं तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर साचतं, नेमकं जिथे झाड आहे तिथे. ठिबक माथ्यावर असेल तर मीठ ओल्या भागाच्या कडेला ढकललं जातं, मुळं मधे सुखरूप, म्हणून खाऱ्या पाण्याला ठिबक बरं. पण हलकासा पाऊस आला की कडेचं मीठ विरघळून परत मुळांत येतं. त्यामुळे खाऱ्या पाण्यावर ठिबक असेल तर बारीक पाऊस चालू असताना पंप बंद करायचा नाही, उलट चालू ठेवायचा. शेजारचे हसतील, हसू दे.

प्रश्न: उन्हाचा तडाखा आहे, पाणी भरपूर देतोय, पाला कमरेएवढा झालाय पण खाली बटाटाच नाही.

उत्तर: पाण्याने सगळं सुटत नाही याचं हे उदाहरण. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, थंड रात्रींची सवय असलेला. गाठी धरायला रात्रीचं तापमान 15 अंशांच्या खाली असलेलं त्याला आवडतं, माती 15 ते 18 अंशांवर सगळ्यात छान पोसतो आणि माती 30 अंशांच्या वर गेली की गाठी जवळजवळ थांबतात. मग झाड बनवलेलं अन्न कुठे ठेवणार? पाल्यात. त्यात तुम्ही युरिया सढळ हाताने दिला असेल (दिलाय ना?) तर अजूनच पाला.

पाण्याने माती थोडी थंड राहते हे खरं, ओल्या मातीवर पाल्याची सावली आणि खाली पेंढ्याचं आच्छादन असेल तर काही अंशांचा फरक पडतो, तेवढ्याने कधीकधी काम होतं. पण खरा उपाय पुढच्या वेळी लागवडीची तारीख हलवणं, म्हणजे गाठी धरायचे दिवस थंड रात्रींमधे येतील. या हंगामात नत्र थांबवा आणि पाणी हाताने माती बघून द्या, भरपूर नको.

प्रश्न: बटाट्यात पाकोळीच्या अळ्या निघतात, फवारणी करूनही. पाण्याचा काही संबंध?

उत्तर: आहे ना. माती सुकून वरंब्याला भेगा पडल्या की अळ्या भेगेतून बटाट्यापर्यंत पोचतात आणि पतंगही उघड्या पडलेल्या डोळ्यांवर अंडी घालतात, तिथे फवारा पोचत नाही. भर नीट लावा, बटाट्यावर मातीचा जाड थर राहू दे, आणि शेवटच्या दिवसांत पाणी तोडल्यावर भेगा दिसल्या तर तुषारने किंवा ठिबकने अगदी हलकं पाणी देऊन त्या मिटवा. भेगेतून ऊन लागून बटाटा हिरवा होतो तेही टळतं.

प्रश्न: काढणीच्या किती दिवस आधी पाणी तोडायचं? एकजण म्हणतो आठ, एकजण म्हणतो महिना.

उत्तर: दोघांच्या मधे. पाला पिवळा पडायला लागला की पाणी कमी करत आणा आणि काढणीच्या साधारण 10 ते 15 दिवस आधी बंद करा, भारी जमिनीत थोडं आधी, हलकीत थोडं नंतर. पाला कापल्यावर किंवा वाळल्यावर दोन ते तीन आठवडे बटाटा जमिनीत राहिला की साल पक्की होते. अंगठ्याने जोरात घासून बघा, साल सरकली तर अजून थांबा.

फक्त एकदम दगड होईपर्यंत सुकवू नका. वाळलेल्या ढेकळांवर बटाटा आपटतो, आणि पाणी कमी झालेला बटाटा आतून काळा डाग धरतो, बाहेरून काहीच दिसत नाही, कापल्यावर कळतं. माती फार कडक झाली असेल तर काढणीच्या दोन-चार दिवस आधी हलकं पाणी देऊन वाफसा आणा आणि मग काढा. काढणी सकाळी उरका, उन्हात उघडा पडलेला बटाटा तासाभरात तापतो, आणि तापलेला तसाच ढिगात गेला की आतून काळा पडायला वेळ लागत नाही.

(गादीवाफ्यावर दोन ओळी आणि मधे एकच लॅटरल चालेल का, असं तिघांनी विचारलंय. मध्यम आणि भारी जमिनीत चालतं, रेताडीत नाही, कारण वर ठिबकच्या उत्तरात दिलंय. तरी आधी दोन वाफ्यांवर करून बघा आणि पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी वाफा आडवा कापून ओल कुठपर्यंत गेलीय ते फुटपट्टीने मोजा.)